लाकडाला वारा लागू द्या

उघड्यावर, ऊन-पावसात राहणाऱ्या लाकडाला चकचकीत पॉलिश लावू नका. कुणी कितीही पटवून दिलं, नमुन्याची फळी कितीही देखणी दिसली, वर हमी दिली, तरीही नको. आमच्या घरामागच्या सागवानी डेकवर असं पॉलिश चढलं आणि आधीच्या कित्येक पावसाळ्यांत झालं नव्हतं तेवढं नुकसान त्या एका पावसाळ्यात झालं. हल्ली कोकणात, अलिबागेत, गोव्यात, मुळशी-पानशेतच्या बाजूला नव्या घरांना लाकडी डेक करायची चाल पडली आहे. पैसेही भरपूर लागतात. पण डेक झाल्यावर त्याचं करायचं काय, हे सांगणारं माणूस भेटत नाही; विकणारे मात्र भेटतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. घरामागे उतार आहे आणि उताराखाली नारळी-पोफळीची वाडी. सासऱ्यांनी मागच्या पडवीला जोडून, उतारावर खांब उभे करून हा डेक बांधून घेतला. आम्ही त्याला माची म्हणतो. फळ्या सागवानी, पुण्यात पाडलेल्या एका जुन्या वाड्याच्या तुळया चिरून काढलेल्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या. फळ्यांखालच्या कड्या ऐनाच्या. खांब मातीत पुरलेले नाहीत, जुन्या घरांत असतात तसे दगडी तळखड्यांवर उभे आहेत. दोन फळ्यांमध्ये बोट जाणार नाही, पण पाणी सहज जाईल, एवढी फट. पावसाळा संपला की सासरे नारळाच्या सोडणाने माची घासून घ्यायचे, फटींत अडकलेला पाचोळा पातळ कामटीने काढायचे आणि पाणी मारायचे. तेल क्वचितच. सागाचा मूळ तांबूस रंग केव्हाच गेला होता. माची रुपेरी-करडी झाली होती, पण पाय ठेवला की ठणठणीत वाजायची.

पुढे घरात कार्य ठरलं आणि माची उजळून घ्यावी असं सगळ्यांच्या मनात आलं. शहरातल्या एका रंगकामाच्या कंत्राटदाराने काम घेतलं. मे महिन्यात त्याची माणसं आली. त्यांनी जे केलं त्यातली प्रत्येक गोष्ट वरवर पाहता शहाणपणाची वाटते, म्हणूनच ती नीट समजून घेतली पाहिजे.

आधी त्यांनी करडा थर काढायला लोखंडी तारेचा ब्रश चालवला आणि मग गाड्या धुण्याच्या यंत्राने जोराच्या पाण्याने माची धुतली. लाकडात एक रेघ मऊ आणि एक रेघ कठीण असते. पाण्याचा झोत जवळून मारला की मऊ रेघ कोरली जाते आणि कठीण रेघ वर राहते. माचीवर अनवाणी चालताना ते तळव्यांना लगेच कळलं. घरगुती यंत्रसुद्धा शंभर बारच्या पुढचा दाब देतं. लाकडाला त्याच्या निम्माही फार होतो, आणि तोही पंख्यासारखा पसरट झोत देणाऱ्या तोंडाने, हातभर लांबून. लोखंडी ब्रशने आणखी एक गोष्ट केली, ती तेव्हा दिसली नाही. तारेचे बारीक कण लाकडात रुतून बसले.

मग माचीखाली आम्ही सरपण आणि नारळ ठेवतो, तिथे पाणी ठिबकू नये म्हणून त्यांनी फळ्यांमधल्या फटी लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल यांच्या लुकणाने बुजवल्या. माची एकसंध, जमिनीसारखी सपाट दिसू लागली. आणि शेवटी त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे थर चढले. कार्याच्या दिवशी येणारा प्रत्येक पाहुणा माचीकडे बघून तोंडभरून बोलला. खरोखर ती दिवाणखान्यातल्या टेबलासारखी दिसत होती.

दापोलीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. गणपतीला आम्ही गेलो तेव्हा फळ्यांच्या टोकांशी पॉलिश दुधाळ पांढरं पडलं होतं. मध्येमध्ये फोड आले होते. एका फोडावर अंगठा दाबला तर कडेने पाणी बाहेर आलं, आणि त्याला कुबट वास होता. सगळीकडे शाईचे शिंतोडे उडावेत तसे बारीक काळे ठिपके उमटले होते. दिवाळीपर्यंत पॉलिशचे पापुद्रे हाताने ओढून निघायला लागले. कंत्राटदाराला फोन केला तर त्याचं म्हणणं, लाकूडच जुनं आहे, तेल धरून आहे. सगळं घासून पुन्हा एक हात मारावा लागेल. खर्च अर्थात आमचा.

लाकूड जुनं होतं हे खरं, पण खराब नव्हतं. साग किती टिकतो याचा पुरावा द्यायचा तर मुंबईच्या गोदीत १८१७ साली जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या गोदीत पाण्यावर आहे. तेव्हा पाण्याने साग मरतो असं म्हणण्यात अर्थ नाही. आमच्या माचीत काय बिघडलं, ते वेगळंच आहे.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ओलावा घेतला की फळी रुंदीत फुगते, सोडला की आक्रसते. लांबीत मात्र जवळपास काहीच फरक पडत नाही. साधारण १४० मिलिमीटर रुंदीची सागाची फळी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत दीडेक मिलिमीटरने रुंदावू शकते. सागाची हालचाल इतर लाकडांच्या मानाने कमी, तरी एवढी. पॉलिशचा कडक थर ही हालचाल किती दिवस सोसणार? टोकाशी, स्क्रूच्या डोक्याशी, कुठे तरी केसभर चीर पडतेच. त्या चिरेतून पाणी आत जातं. आत गेलेलं पाणी बाहेर पडायला मात्र वरचा थर आड येतो. भर म्हणून फटी बुजलेल्या, म्हणजे पाणी खालीही उतरत नाही आणि वाराही लागत नाही. लाकडात साधारण वीस टक्क्यांहून अधिक ओलावा टिकून राहिला की कुजवणाऱ्या बुरशीला ते मानवतं. वरून चिंब भिजून दोन दिवसांत सुकणारी फळी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. थराखाली चार महिने दमट राहणारी फळी टिकत नाही.

उन्हाचाही यात वाटा आहे. लाकडाचे तंतू धरून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक सूर्याच्या अतिनील किरणांनी मोडतो, पाऊस तो धुऊन नेतो आणि मागे उरतात ते करडे तंतू. पारदर्शक थरातून ऊन आरपार जातं. म्हणजे पॉलिश जिथे चिकटलं आहे, तोच लाकडाचा पृष्ठभाग खालून सुटत जातो. घरातल्या दारांना, टेबलांना पीयू किंवा मेलामाइन उत्तम. त्याबद्दल तक्रार नाही. सागाच्या अंगच्या तेलामुळे असे थर नीट धरत नाहीत हे कंत्राटदाराचं म्हणणंही एवढ्यापुरतं बरोबर होतं. पण मग ते लावण्याआधी सांगायचं असतं.

माची सावरली ती हर्णै बंदरात होड्या दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क सुतारांनी. शेजाऱ्यांनी त्यांचं नाव सुचवलं. ते आले आणि वरच्या पापुद्र्यांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “वयनी, वरचा काय ता समद्यांनाच दिसता. आधी खाली शिरूया.” हातात बॅटरी आणि एक टोचा घेऊन ते माचीखाली आडवे झाले. प्रत्येक कडीला, प्रत्येक फळीच्या टोकाला त्यांनी टोचा लावून पाहिला. चांगल्या लाकडात टोचा टोकाएवढाच जातो आणि काढताना लाकडाची लांब, चिवट सळी उचलली जाते. कुजलेल्या लाकडात तो बोटभर आत जातो आणि लाकूड आखूड तुकड्यांत तुटतं. हा फरक मी स्वतः टोचा धरून पाहिला. एकदा पाहिला की विसरत नाही.

नुकसान नेमकं कुठे झालं होतं हे बघण्यासारखं होतं. भर उन्हापावसातल्या, माचीच्या मधल्या फळ्या धडधाकट होत्या. कुजली होती ती टोकं, जिथे दोन फळ्या एका कडीवर भिडतात. कडीचा माथा, जिथे लुकणातून झिरपलेलं पाणी साचून राहिलं. आणि कुंड्यांखालच्या जागा. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः टोकांतून, कारण झाड उभं असताना पाणी ज्या नळ्यांतून चढायचं त्या नळ्या तिथे उघड्या असतात. म्हणून फळी कापली की त्याच दिवशी टोकाला मेणाचा लेप किंवा तेलाचे दोन-तीन हात द्यायचे. आपल्याकडे हे कुणी करत नाही. मला विचाराल तर डेकच्या सगळ्या देखभालीत सर्वांत कमी खर्चाचं आणि सर्वांत जास्त फळ देणारं काम हेच आहे.

या सुतारकाकांनी सगळ्या फळ्या उकलल्या. कुजलेली टोकं कापली, काही फळ्या आखूड झाल्या त्या कडेला वापरल्या. आणि मग त्यांनी जे केलं ते मला अजून कौतुकाचं वाटतं: फळ्या उलटून बसवल्या. खालची बाजू इतकी वर्षं ऊन न लागलेली, रंध्याचे हात अजून दिसत होते. पॉलिशने आणि यंत्राने विद्रूप झालेली बाजू खाली गेली. त्यामुळे तासण्याचं निम्मं काम वाचलं आणि लाकूड वाया गेलं नाही. तुमचा डेक जुना असेल तर नव्या फळ्यांची ऑर्डर देण्याआधी एखादी फळी उचलून तिची पाठ बघा.

लोखंडी स्क्रू सगळे काढून टाकले. सागात आणि त्याहून जास्त ऐनात टॅनिन असतं. लोखंड, टॅनिन आणि पाणी एकत्र आले की काळी शाई तयार होते. ब्रशच्या तारांचे ते काळे ठिपके आणि प्रत्येक स्क्रूभोवतीचा काळा डाग याच शाईचे. गॅल्व्हनाइझ केलेले स्क्रूही समुद्राकाठी फार दिवस दम धरत नाहीत. स्टेनलेस स्टील घ्या, आणि खाऱ्या हवेत ३१६ क्रमांकाचंच घ्या. ३०४ वर गंजाचे चट्टे येतात. पुण्यात बोहरी आळीत, कोकणात मोठ्या गावच्या हार्डवेअरच्या दुकानात मागवून मिळतात. महाग आहेत, पण इथे काटकसर करू नये. भोक आधी पाडून घ्यायचं, टोकापासून चार बोटं आत; नाहीतर कठीण लाकडाला चीर जाते किंवा स्क्रूच तुटतो.

कड्यांच्या माथ्यावर काकांनी जलरोधक पट्टी चिकटवली, म्हणजे स्क्रूच्या भोकातून पाणी कडीत उतरत नाही. कड्यांच्या बाकीच्या अंगाला काजूच्या टरफलाचं तेल लावलं. किनाऱ्यावर होड्यांना ते पूर्वापार लावत आले आहेत. कीड आणि वाळवी त्याच्या वाटेला जात नाहीत. मात्र ते बिब्ब्याच्या जातीचं, कातडीला लागलं की फोड येतात. हातमोजे घालूनच, आणि जिथे कुणी बसणार-टेकणार नाही अशा जागीच लावावं. फळ्यांमध्ये पाच मिलिमीटरची फट पुन्हा सोडली. खाली ठिबकतं म्हणून फट बुजवू नका. खालचं सरपण हलवा, किंवा खाली पत्र्याची पन्हळ टाका.

आता धुण्याचं. करडेपणा, शेवाळं आणि बुरशीचे काळे डाग जायला सोडियम परकार्बोनेट पुरेसं असतं. ही पांढरी भुकटी पाण्यात पडली की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो, बाकी काही नाही. लिटरभर कोमट पाण्याला साठेक ग्रॅम, तेही लागेल तेवढंच आणि ताजं कालवायचं. कालवलेलं पाणी बाटलीत बूच लावून ठेवू नका, आतल्या वायूने बाटली फुटू शकते. फळी आधी साध्या पाण्याने भिजवायची, मग हे पाणी ओतून पंधरा मिनिटं ती ओली ठेवायची आणि नायलॉनच्या ब्रशने घासायची. घासायचं ते रेघांना आडवं. जहाजांचे सागवानी डेक असेच घासतात, कारण रेघेच्या दिशेने घासलं की मऊ भाग खरवडून निघतो. जंतुनाशक म्हणून मिळणारं क्लोरीनचं ब्लीच मात्र लाकडाला लावू नका. त्याने लाकूड पांढरं दिसतं, पण तंतू सुटून केसाळ होतात.

परकार्बोनेटनंतर साग काळपट होतो. घाबरू नका. त्यानंतर ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी, लिटरला ५० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून ब्रशने लावायचं. आमच्या माचीवर हे होताना मी शेजारी उभी होते. ज्या फळ्या उलटवता आल्या नव्हत्या त्यांच्यावर स्क्रूभोवतीचे काळे डाग होते. पाणी लावल्यावर आधी काहीच झालं नाही. मग डागाची कड तपकिरी झाली, मग फिकट, आणि बघता बघता मधला काळा भागही विरत गेला, खालून सागाचा मधाळ रंग वर आला. खोल गेलेल्या डागांना दुसरा हात लागला. पण हे ॲसिड विषारी आहे. हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क, लहान मुलं आणि कुत्री-मांजरी लांब. झाडं आधी पाण्याने चिंब करायची आणि काम झाल्यावर पुन्हा धुवायची. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये ते चुकूनही मिसळू देऊ नका, विषारी वायू सुटतो.

जिथे पॉलिश चिकटून राहिलं होतं तिथे पोलादी पत्र्याच्या तासणीने खरवडलं आणि मग ६० नंबरचा, शेवटी ८० नंबरचा पॉलिश पेपर मारला. त्याहून बारीक मारू नका. घरातल्या फर्निचरच्या सवयीने सुतार २२० पर्यंत जातात. हाताला रेशमासारखं लागतं, पण लाकडाची तोंडं बुजतात आणि तेल आत जात नाही. सागाच्या भुशाची अनेकांना ॲलर्जी असते, कातडी लाल होते, शिंका थांबत नाहीत. तेव्हा साधा रुमाल नको, एन-९५ मास्क लावा.

तेल लावायचं ते आत मुरणारं आणि थोडा रंग असलेलं. रंग म्हणजे लोह-ऑक्साइडची बारीक पूड. ऊन अडवते ती तीच. बिनरंगाचं तेल पाणी काही काळ झटकतं, पण करडेपणा थांबवत नाही. बाजारात डेकसाठीची म्हणून बुरशीनाशक घातलेली तेलं मिळतात, ती घ्या. नुसतं जवसाचं तेल, तेही कच्चं, कोकणात लावू नका. ते दिवसेंदिवस चिकट राहतं, आणि बुरशीला ते खाद्यच आहे. पहिल्या पावसात माची काळी पडते.

तेल लावण्याआधी लाकूड कोरडं हवं. ओलावा मोजायचं दोन सुयांचं लहान यंत्र मिळतं, त्यात १५ टक्क्यांच्या आत आकडा दिसला पाहिजे. यंत्र नसेल तर पाण्याचे थेंब टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर अजून तेलाची गरज नाही, मुरून गेला तर लाकूड तेल पिईल. सकाळी ऊन चढायच्या आत किंवा दुपारी उतरल्यावर लावा. तापलेल्या फळीवर तेल मुरण्याआधीच वाळतं. एका वेळी तीन-चार फळ्याच घ्यायच्या, टोकापासून टोकापर्यंत, म्हणजे सांध्याचे पट्टे दिसत नाहीत. पंधरा-वीस मिनिटांनी जे तेल वर राहिलं असेल ते फडक्याने कोरडं पुसून काढायचं. आपल्याकडे कामगाराला वाटतं, जितकं जाड तितकं चांगलं. इथे उलटं आहे. वर राहिलेलं तेल चिकटतं, त्यावर धूळ बसते. पुसल्यावर लाकूड मंद, कोरडं दिसलं पाहिजे, चमकता कामा नये.

आणि ती फडकी. हे मोठ्याने सांगण्यासारखं आहे. जवसासारखी वाळणारी तेलं हवेतला ऑक्सिजन घेताना ऊब सोडतात. तेलाने माखलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली की ती ऊब आत कोंडते आणि काही तासांत, काडीही न लावता, फडकी पेट घेतात. कामगार जेवायला जाताना फडक्यांचा बोळा भुशाच्या पोत्यावर टाकून जातो, हे दृश्य कुठल्याही साइटवर दिसेल. त्या दिवशीची फडकी एकेक मोकळी करून बाहेर दोरीवर वाळत घाला, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. वाळून कडक झाली की मग कचऱ्यात.

हे सगळं मे महिन्यात करायची आपल्याकडे रीत आहे, पावसाच्या आधी म्हणून. मला दिवाळीनंतरचे दिवस पटतात. पावसात फुगलेली फळी तोवर आक्रसून स्थिर झालेली असते, उन्हाचा चटका कमी असतो, आणि तेलाला मुरायला, वाळायला पुढे कोरडे महिने मिळतात. मेमध्ये फक्त फटी साफ करायच्या, पानं-पाचोळा, आंब्याचा मोहोर काढायचा आणि वळवाच्या आधी स्क्रू आवळून घ्यायचे. ऐन पावसात माचीच्या ज्या कडेवर पागोळ्यांची धार पडते तिथे आम्ही झावळ्यांची झापं टाकतो. कुंड्या विटेच्या तुकड्यांवर ठेवतो, म्हणजे खालून वारा खेळतो, आणि जागाही अधूनमधून बदलतो. खांबाच्या तळखड्यावरून वाळवीची मातीची नळी वर चढली आहे का, हे येता-जाता बघायचं. बस्स, एवढंच.

नवीन डेक करणाऱ्यांनी लाकूड घेताना गाभ्याचं आहे का ते बघावं. सालीलगतचं फिकट लाकूड सागाचं असलं तरी टिकत नाही, आणि लागवडीच्या तरुण सागात ते जास्त असतं. ‘बर्मा सागवान’ म्हणून जे विकलं जातं त्याचे कागद मागा. म्यानमारने ओंडक्यांची निर्यात १ एप्रिल २०१४ पासून बंद केली आहे. हॉटेलांत बघून ईपे हे दक्षिण अमेरिकेतलं लाकूड आता इथेही मागितलं जातं. ते पाण्यात बुडण्याइतकं जड आणि टिकायला अव्वल, पण तिथल्या जंगलांवर त्याचा ताण इतका, की नोव्हेंबर २०२४ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित झाला आहे. मेरबाऊ घेतलंत तर पहिल्या एक-दोन पावसांत त्यातून तपकिरी पाणी गळतं आणि खालची फरशी, भिंत रंगते, हे आधी जाणून घ्या. या सगळ्यापेक्षा पाडलेल्या घरांचं जुनं सागवान मिळालं तर मी तेच घेईन. वर्षानुवर्षं मुरलेलं असतं आणि त्यासाठी नवं झाड पडत नाही. फक्त चिरायला नेण्याआधी त्यातले सगळे खिळे काढून घ्या, आरागिरणीवाले नाहीतर परत पाठवतात.

तांबूस रंग हवाच असा आग्रह नसेल तर तेलही नको. खालून वारा, फटी मोकळ्या, टोकं बंद, वर्षातून एकदा धुणं एवढं सांभाळलं तर करडा पडलेला साग तसाच टिकतो. करडेपणा फक्त वरच्या पातळ थरात असतो, तो रोग नव्हे. आमची माची तेल लावल्यावर सुंदर दिसली, पण पुढच्या खेपेला मी ते लावणार नाही. सासऱ्यांच्या वेळची रुपेरी माचीच मला जास्त आवडायची.

तुमच्याकडे डेक असेल, लाकडी गॅलरी असेल, उघड्यावरचा झोपाळ्याचा खांब असेल, तर या आठवड्यात एक टोचा घ्या आणि खाली वाकून टोकं तपासा. टोचा टोकाएवढाच गेला तर नुसतं धुवा. बोटभर आत गेला तर आधी सुताराला बोलवा. रंगाऱ्याचा विचार सुताराचं काम संपल्यावर करा.